तंटामुक्ती समितीत नवीन आलायस? मग एवढं बघ
अभिनंदन भावा! गावातले तंटे गावातच समजुतीनं मिटवायची ही तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून चालू आहे, पण नवीन माणूस हमखास एकाच ठिकाणी चुकतो, पहिल्याच बैठकीत निकाल द्यायला जातो. आधी बांधावर जा. आमच्याकडं दोन भाऊ हातभर जमिनीवरनं बोलत नव्हते, तिथं उभं राहिल्यावर कळलं की खरं भांडण बांधावरच्या आंब्याचं, मग आंबे निम्मे निम्मे ठरले नि मिटलं.

- दोघांचं आधी वेगवेगळं ऐक
- ठरलं ते लिहून सह्या घे, तोंडी ठेवू नको
- गंभीर मारहाण, बाईवर अत्याचार असलं काही असेल तर हात लावू नको, सरळ पोलीस स्टेशन
- कुणाला वाळीत टाकायची भाषा निघाली तर तिथंच थांबव, २०१६ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे

कुणी चिडून उठून गेला तर घाबरू नको, दोन दिवसांनी त्याच्या घरी चहाला जा.