लिनक्सवर पेनड्राइव्ह दिसत नाही, कसा उघडायचा?
भाऊ, रावेरच्या केळीचा सगळा हिशोब त्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये आहे म्हणता, तर फॉरमॅट अजिबात करू नका. पेनड्राइव्ह काढून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसबीएलके' (lsblk, जोडलेल्या डिस्कची यादी) चालवा, मग लावून पुन्हा चालवा. नवीन वाढलेली ओळ तुमची. त्या ओळीतलं एसडीबी (sdb) हे नाव कायमचं नसतं, उद्या एसडीसीही होईल. म्हणून आकारही बघा. ३२ जीबी तिथे साधारण २९ जी दिसतो, कारण मोजणी १०२४ च्या पटीत असते.

मग तो उघडायला, म्हणजे माउंट करायला, 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१' (udisksctl mount -b /dev/sdb1) चालवा; एसडीबीच्या जागी तुम्हाला दिसलेलं नाव लिहा. शेवटचा १ म्हणजे पार्टिशन (पेनड्राइव्हमधला पहिला भाग), तो विसरू नका. उबुंटूत फाइली '/मीडिया' (/media) या फोल्डरखाली सापडतील. उपसण्याआधी त्याच आज्ञेत 'माउंट'च्या जागी 'अनमाउंट' (unmount) लिहा. नवीन ओळच आली नाही, तर आधी दुसरा पोर्ट बघा.