जडजवाहिरातलं 'जड' वजनाचं नाही

विचारणा अशी आहे: "'संस्थानिकांची जवाहिरे वारसांमध्ये वाटली गेली' असं एका लेखात वाचलं. 'जवाहिरे' हे रूप बरोबर आहे का? आणि जडजवाहीर म्हणजे वजनदार दागिने का?"

'जवाहिरे' चूक. हल्ली राजघराण्यांच्या दागिन्यांचे लिलाव निघाले की हे रूप हटकून कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. अरबीत एक रत्न म्हणजे 'जौहर' आणि त्याचं अनेकवचन 'जवाहिर'. मराठीनं ते 'सामान', 'धान्य' यांच्यासारखं नपुंसकलिंगी समूहवाचक करून घेतलं. जवाहीर वाटलं गेलं, जवाहीर लुटलं, जवाहिराची मोजदाद झाली (फकीर-फकिराची, तसंच). 'उमराव' हेही मुळात 'अमीर'चं अनेकवचन, मग 'एक उमराव' कसा चालतो, असं कुणी विचारेल. चालतो, कारण तिथे मराठीनं अनेकपण पुसून टाकलं आहे. 'एक जवाहीर दाखवा' असं सराफाला कुणी म्हणत नाही.

खरी मौज पुढे आहे. 'जौहर' मूळचा अरबी नाहीच. तो फारसी 'गौहर'; अरबीत 'ग' नसल्यामुळे 'ज' झाला. आणि गौहर म्हणजे नुसतं रत्न नाही. सत्त्व, मूळ, बीज, कूळ हे सगळे अर्थ त्याच शब्दात आहेत. कूळ आणि रत्न यांना एकच शब्द! राजघराण्याच्या वारशाबद्दल बोलताना याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. राजस्थानातल्या जोहाराचं मूळही काही जण या रत्नवाल्या 'जौहर'मध्ये शोधतात. मला ते साफ नामंजूर आहे. 'जतुगृह' म्हणजे पांडवांचं लाक्षागृह. त्याचं प्राकृतात 'जउहर' होतं, आणि आगीचा संदर्भ तर समोरच आहे. नुसत्या उच्चारसाम्यावर भुलून व्युत्पत्ती ठरत नाही.

आता 'जड'. भारी वजनाचं म्हणून जड, असं शिकवणाऱ्यांनी 'जडाव' हा शब्द ऐकलाच नाही का? हा 'जड' जडवण्यातला: कोंदणात बसवलेलं ते जड, आणि सुटी रत्नं ते जवाहीर. माझ्या मते या जोडशब्दात दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि संस्थानी खजिन्यांची पांगापांग बघितली की त्या का वेगळ्या धरायच्या ते कळतं.

पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांचा हार घ्या. पॅरिसच्या कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीनं तो 1928 साली पुरा केला, 2,930 हिऱ्यांचा. 1948च्या सुमारास तो खजिन्यातून नाहीसा झाला. 1982 साली त्यातला मधला 'डी बिअर्स' हिरा जिनिव्हाच्या लिलावात एकटाच उगवला. 1998 साली लंडनमध्ये उरलेला हार सापडला, तो मोठी रत्नं काढून घेतलेला. रिकामी कोंदणं! जड मागे राहिलं, जवाहीर गेलं. पुढे कार्तियेनं बदली खडे घालून तो उभा केला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे त्र्यंबकेश्वराचा 'नासक' हिरा. 1818 साली दुसऱ्या बाजीरावाकडून तो इंग्रजांच्या हाती गेला. विलायतेत पुन्हा पैलू पाडल्यावर तो 78 कॅरटांवर आला, आणि 1940 साली अमेरिकेत आणखी छाटून 43 कॅरटांवर. सुटा खडा असा कुठेही जातो, कितीही कापला जातो.

उलट हैदराबादचं पाहा. निजाम मीर उस्मान अली खान यांनी दागिन्यांचा ट्रस्ट केला, आणि 1995 साली भारत सरकारनं 173 नग 218 कोटी रुपयांना एकत्रच विकत घेतले. त्यात जेकब हिऱ्यासारखा बिनकोंदणाचा खडा आहे, तसे शिरपेच, हार, बाजूबंद जडावासकट आहेत. याला म्हणावं जडजवाहीर.

तेव्हा त्या लेखकानं आधी कागद तपासावेत. रत्नं उखडून वारसांत वाटली असतील, तर 'संस्थानिकांचं जवाहीर वाटलं गेलं' असं लिहावं. दागिने अखंड वाटले असतील, तर 'जडजवाहीर'. 'जवाहिरे' मात्र दोन्हीकडे नको.