सुट्टी सगळ्यांची, मग कुकर कुणाचा?

प्रश्न : ताई, आम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवीनला राहतो. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. मेच्या शेवटी सासू-सासरे सांगलीहून येताहेत. त्यांना घेऊन इथल्या एखाद्या पार्कात, म्हणजे झाडीतल्या घरांच्या सुट्टीगावात, तीन-चार दिवस जावं असं मनात आहे. नवरा म्हणतो, पोहायचा तलाव हवाच. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई अंडंही खात नाहीत. आमच्याकडे गाडी नाही आणि मुलाची शाळा तेव्हा चालू असेल. कुठलं पार्क घ्यावं? तिथून आजूबाजूचं काय काय दाखवता येईल?
— एक वाचक, आम्स्टेलवीन

उत्तर : पार्क कुठलं हे तुम्ही आधी विचारलंत, मी ते शेवटी सांगणार आहे. आधी तारीख, मग घर.

मुलगा सात वर्षांचा, म्हणजे शाळा बुडवणं विसरा. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की शाळा सक्तीची, आणि ‘आजी-आजोबा भारतातून आलेत’ हे कारण मुख्याध्यापकांपुढे टिकत नाही. दंडाची नोटीस घरी येते. त्यापेक्षा शाळेचं वर्षाचं कॅलेंडर काढा आणि त्यात स्तुदीदाख शोधा. त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं, मुलं घरी. बऱ्याच शाळा तो शुक्रवारी नाहीतर सोमवारी लावतात, आणि पार्कांची पाळीही नेमकी याच दोन वारांची: शुक्रवार ते सोमवार तीन रात्री, किंवा सोमवार ते शुक्रवार चार. घराची किल्ली मिळते दुपारी तीन-चारनंतर. म्हणजे सोमवारचा स्तुदीदाख सापडला, तर शुक्रवारी शाळेच्या दारातूनच मुलाला उचलून निघा, काही बुडत नाही. शाळांना सुट्टी नसल्यानं गर्दी कमी, भावही उतरलेले. मेच्या सुट्टीत तेच घर दुपटीच्या घरात जाऊ शकतं.

आता घर. जाहिरातीत सहा माणसांचं घर म्हणतात तेव्हा त्या सहात बहुतेकदा दोन जण वरखाली पलंगावर किंवा माळ्यावर झोपणारे असतात. तुम्हाला हवी तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिथेच न्हाणीघर. डच जिना म्हणजे जवळपास शिडी. दुखऱ्या गुडघ्यांना रात्री दोनदा तो चढायला लावू नका. संडास दोन असतील तर उत्तम. आणि हो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. तिथे जेट नसतो आणि सासूबाई ते तुम्हाला मोकळेपणी सांगणार नाहीत.

दुसरी गोष्ट तळ्याकाठची घरं. फोटोत सगळ्यात देखणी तीच दिसतात: काचेचं सरकतं दार, पुढे फरशी, फरशीपुढे पाणी, पाण्यात बदकं. सकाळी बदकं थेट दारात येऊन पाव मागतात आणि तीन वर्षांचं मूल त्यांच्यामागे धावतं. पाण्याला कठडा नसतो. मुलगी पाच-सहा वर्षांची होऊन पोहायला शिकेपर्यंत तळ्याकाठचं घर घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. थोडे जास्त पैसे भरून जागा निवडायची सोय बहुतेक ठिकाणी असते. ते पैसे तळ्यासाठी न घालवता मधल्या इमारतीच्या जवळ राहण्यासाठी घाला. तलाव, दुकान, उपाहारगृह, छताखालचं खेळायचं मैदान, सगळं तिथेच असतं. मोठ्या पार्कांत सामान उतरवण्यापुरतीच गाडी आत सोडतात, एरवी चालायचं नाहीतर सायकल. कोपऱ्यातलं घर मिळालं तर आजोबा पहिल्या दिवशी एकदा तलावापर्यंत जातील आणि नंतर खुर्चीतच बसतील.

हा सुट्टीगावांचा प्रकार सुरू कसा झाला तेही ऐका. रॉटरडॅमचे क्रीडासाहित्याचे दुकानदार पीट डेर्कसेन यांनी १९६८ साली लिम्बुर्ग प्रांतातल्या रूव्हरला झाडीत घरं बांधली. आराखडा याप बाकेमा या नामवंत वास्तुविशारदाचा. शहरातल्या कुटुंबाला चार दिवस झाडांत राहता यावं, एवढीच कल्पना. पुढे त्याचीच सेंटर पार्क्स ही सुट्टीगावांची कंपनी झाली. काचेच्या छताखाली पामची झाडं लावलेला गरम पाण्याचा तलाव आला तो १९८० मध्ये, झेवोल्डेच्या दे एमहॉफ पार्कात. त्यानंतर पाऊस पडला तरी सुट्टी वाया जात नाही म्हणून लोक बारा महिने जाऊ लागले. तुमच्या नवऱ्याचा हट्ट अगदीच गैर नाही.

तलावाचे नियम मात्र आधीच घरात सांगून ठेवा. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, आत चड्डी, असलं काही चालत नाही. पोहण्याचेच कपडे लागतात. पोहण्याचा डिप्लोमा नसलेल्या मुलांना दंडाला फुगे बांधावेच लागतात, आणि फुगे बांधलेत म्हणून तुम्ही लांब खुर्चीवर बसावं असं नाही, हात पोहोचेल इतकं जवळ राहायचं. तलावातल्या कृत्रिम लाटा सुरू व्हायच्या आधी इशारा होतो. तो ऐकला की मुलीला घेऊन उथळ पायऱ्यांवर या. बाहेर वळणं घेत जाणारा वेगवान प्रवाह असतो, थंडीतही वाफाळत वाहतो. तो बापलेकासाठी ठेवा, तोही मुलाला पोहता येत असेल तरच.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही काही विचारलंच नाहीत ते. सहा माणसांचं दोन वेळचं जेवण कोण करणार? तुमच्या पत्रात सगळ्यांचं आहे, तुमचं स्वतःचं एक वाक्य नाही. चार दिवस झाडीत जाऊन तिथेही तुम्ही ओट्याशीच उभ्या राहणार असाल, तर आम्स्टेलवीनच काय वाईट? माझं म्हणणं असं: रोज एकच वेळ गरम जेवण, वरण-भात, एक भाजी. तेही नवऱ्यानं. बाकी वेळी घरून नेलेल्या दशम्या, मेथीचे पराठे, लाडू, मेतकूट, आणि इथला पाव. सकाळचा ताजा पाव पार्कातल्या दुकानात मिळतो. तो आणायचं काम आजोबा आणि नातवाचं. तेवढंच चालणं होतं.

कुकर नेणार असाल तर आधी बघा. बऱ्याच घरांत आता इंडक्शनची शेगडी असते आणि आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहा. चिकटलं तर न्या, नाहीतर मूगडाळ साध्या पातेल्यातही वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. सासूबाईंसाठी एक कढई आणि उलथनं घरचं न्या. तिथल्या भांड्यांत आधी कुणी काय शिजवलं असेल, ही त्यांची शंका वाद घालून जाणार नाही, कढईनं जाईल. फोडणी देताना वरचा पंखा पूर्ण वेगात आणि सरकतं दार उघडं. धुराचा गजर छतालाच असतो, आणि मोहरी-हिंग-मिरचीशी त्याचं जमत नाही.

बाहेर खायचंच झालं तर सासूबाईंना पॅनकेक देऊ नका, त्यात अंडं असतं. चीजमध्येही बहुधा जनावराच्या पोटातलं विरजण वापरतात. शाकाहारी विरजणाचं चीज दुकानात मिळतं, तसं वेष्टणावर लिहिलेलं असतं. त्यांना ते चालतं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, पण सांगा जरूर.

तर पार्क. गाडी नाही, गुडघे दुखतात, आणि समुद्रही दाखवता येईल, म्हणून मी तुमच्या जागी झांडफोर्ट घेतलं असतं. आम्स्टरडॅम सेंट्रलहून थेट आगगाडी, अर्ध्या तासात स्टेशन, तिथून पार्क जवळच. समुद्र चालत जाण्याइतका, तलाव छताखालचा. एक खोट आहे: शेजारीच मोटारशर्यतींचं सर्किट आहे. बुकिंगआधी त्यांचं वेळापत्रक बघून घ्या, नाहीतर दुपारी आजोबांच्या झोपेत इंजिनं घुमतील. मुलाला झुले-पाळण्यांचं वेड असेल तर दुसरा पर्याय वासेनारचं डाउनरेल. तिथे राहायच्या घरांसोबत करमणुकीचं पार्क आहे आणि टिकीबाड हा घसरगुंड्यांचा तलावही. पण तिथे आजी-आजोबांना फारसं काही नाही.

‘तिथून काय काय दाखवता येईल’ याचं उत्तर: काही नाही. कॉयकेनहॉफची ट्यूलिपबाग तोवर बंद झालेली असते, आम्स्टरडॅम तुमच्या घरापासून ट्रामनं दाखवता येतं. इथे चारचाकी हातगाडी भाड्यानं मिळते, बोल्डरकार म्हणतात तिला. तिच्यात उशी घालून मुलीला बसवा आणि वाळूच्या टेकड्यांमधल्या वाटेनं हिंडा. जूनच्या आसपास रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुलं झोपणार नाहीत, तेव्हा जाड पडदे आहेत का ते विचारा. हिंडून आल्यावर दोन्ही मुलांचे गुडघ्यांमागचे, काखेतले, कानांमागचे कोपरे तपासा. गवतात गोचीड असते आणि तिच्यातून लाइमचा आजार होऊ शकतो. औषधांच्या दुकानात तिच्यासाठी खास चिमटा मिळतो, त्यानं त्वचेलगत धरून ओढून काढा. तेल-तूप लावत बसू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही पुण्याचे. बहिणीचं कुटुंब ड्युसेलडॉर्फला आहे. दिवाळीनंतर बारा दिवसांसाठी जातोय. मधले चार दिवस दोन्ही कुटुंबांनी, म्हणजे चार मोठे आणि तीन मुलं, हॉलंडमध्ये काढायचे ठरतंय. आम्स्टरडॅमला हॉटेल की असं पार्क? व्हिसा कुठला काढायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सात जणांना आम्स्टरडॅमात हॉटेलच्या तीन खोल्या घेण्यापेक्षा आठ जणांचं एक घर सोमवार ते शुक्रवार घ्या. नोव्हेंबरात ते स्वस्तही पडेल. पण नुसत्या जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. पर्यटन कर माणशी आणि रात्रीमागे लागतो, चादरी, टॉवेल, शेवटची सफाई हे कुठे धरलेलं असतं, कुठे नसतं. पैसे भरायच्या पानावर शेवटपर्यंत जा आणि तिथला आकडा हॉटेलशी ताडून बघा. पुण्याहून चादरी कुणी आणणार नाही, तेव्हा बहिणीला तिच्या घरच्या गाडीत टाकायला सांगा.

बहीण सीमेजवळ राहते, म्हणून लिम्बुर्गचा विचार करा. ड्युसेलडॉर्फहून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. तिथे हॉर्स्टजवळ हेट मेरदाल नावाचं पार्क आहे आणि ते ज्या गावाला लागून आहे त्याचं नाव अमेरिका. मुलांनी शाळेत जाऊन सांगितलं की आम्ही अमेरिकेला गेलो होतो, तर खोटं ठरणार नाही. टोव्हरलांड हे करमणुकीचं पार्कही जवळच आहे, पण नोव्हेंबरात ते रोज उघडं नसतं, दिवस बघून ठेवा. दोन कुटुंबांना एका घरात राहायचं असेल तर मुलांना किती वाजता झोपवायचं, हे निघायच्या आधी दोघी बहिणींनी ठरवा. भांडणं त्यावरूनच होतात.

व्हिसाचं सोपं आहे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. तुमचे आठ दिवस जर्मनीत, म्हणून जर्मनीचा व्हिसा, त्यावर नेदरलँड्स चालतं. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, सहा ते बारा वर्षांखालच्यांना निम्मी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. सीमा ओलांडताना पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली आहे. आणि बहिणीच्या गाडीत तुमच्या मुलांसाठी लहान मुलांची खास सीट आहे का ते विचारा. नेदरलँड्समध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती सक्तीची आहे. मांडीवर घेऊन चालत नाही.

प्रश्न : आम्ही तीन मराठी कुटुंबं ऑक्टोबरच्या सुट्टीत पार्कात दिवाळी करणार आहोत. शेजारशेजारची घरं मिळतील का? मुलांसाठी थोडे फटाके नेले तर चालतील?
— एक वाचक, द हेग

उत्तर : घरं मिळतील, पण तिन्ही बुकिंगं एकाच दिवशी करा आणि फोन करून क्रमांक शेजारचे मागून घ्या. ऑक्टोबरची सुट्टी देशात भागाभागानं वेगवेगळ्या आठवड्यांत येते, तेव्हा तिन्ही घरांची मुलं एकाच भागातल्या शाळेत आहेत ना, एवढं आधी बघा. फटाके अजिबात नाही. दिवाळीत ते उडवणं इथे कायद्यात बसत नाही, आणि झाडीत ओल्या पानांखाली कोरडा पाला असतोच. फुलबाज्यांसाठी सुद्धा पार्काला आधी विचारा. पणत्या फरशीवर काचेच्या वाटीत ठेवा, घराच्या लाकडी भिंतीपासून दूर. रात्री दहानंतर गाणी बंद. फराळाची एक ताटली शेजारच्या डच घरात पोहोचवलीत तर साडेदहापर्यंतही कुणी बोलत नाही.