कर्क्युमिनवर काम सुरू करण्याआधी

मेंदूतल्या रक्तस्रावावर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, तपासणार आहेस, छान. पण उंदराला औषध आधी देऊन ठेवू नकोस. रुग्ण झटका आल्यावरच दवाखान्यात येतो. कोलॅजिनेज, म्हणजे रक्तवाहिन्यांची भिंत विरघळवणारं एन्झाइम, टोचून रक्तस्राव घडवणार असशील, तर गुठळीचं आकारमान मोजच. काही पॉलिफेनॉल (कर्क्युमिन ज्या गटातलं, ती वनस्पतींतली संयुगं) त्या एन्झाइमलाच अडवतात. गुठळीच लहान होते आणि आपल्याला वाटतं, मेंदू वाचला. म्हणून उंदराचंच रक्त त्याच्या मेंदूत टोचून प्रयोग पुन्हा कर. कर्क्युमिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवशील, तर नुसतं डीएमएसओ दिलेल्या उंदरांचा वेगळा गट हवाच. कर्क्युमिन स्वतः चमकतं, तेव्हा फ्लुरोसन्सच्या (चमक मोजणाऱ्या चाचण्यांच्या) आकड्यांवर विसंबू नकोस. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या, चीनमधल्या वनौषधी मिश्रणाची २०२४ची चाचणी नीट वाच: १,६४८ रुग्ण, ९० दिवसांनी प्लासिबोहून (औषध नसलेल्या नकली डोसाहून) काही सरस नाही. रुग्णाच्या घरच्यांनी विचारलं, तर निक्षून सांग: डॉक्टरांना न विचारता हळदीच्या गोळ्या देऊ नका, रक्त गोठणं मंदावू शकतं.