भीती म्हणजे देवाचा कौल नव्हे

प्रिय बाळा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

इस्राएलला जाण्याची सगळी कागदपत्रे तयार असताना तू सही करायची थांबला आहेस. रोज रात्री तेहिलीम, म्हणजे दाविदाची स्तोत्रे, वाचूनही छातीतली धडधड कमी होत नाही, आणि त्यावरून तू असा अर्थ काढला आहेस की, आपण जावे हे देवाच्या मनात नसावे. तू जावेस की राहावेस, हे मी सांगणार नाही. पण तुझा हा अर्थ मला मुळीच मान्य नाही. आपल्या कोकणात देवळात कौल लावण्याची रीत आहे, आणि आपण यहुदी असूनही शेजारधर्म पाळता पाळता तूही तुझ्या धडधडीलाच कौल समजू लागला आहेस. भीती म्हणजे कौल नव्हे.

शास्त्यांच्या पुस्तकातला गिदोन आठव. बआल या परक्या देवाची वेदी पाडण्याची आज्ञा त्याला झाली, तेव्हा घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या धाकाने त्याने ते काम दिवसा न करता रात्री केले. त्याबद्दल देवाने त्याला एका शब्दानेही टोकले नाही. काम झाले होते. पुढे हरोदच्या झऱ्याजवळ, भित्र्या माणसाने खुशाल घरी परतावे, अशी घोषणा त्याच गिदोनाला करावी लागली, आणि बत्तीस हजारांपैकी बावीस हजार निघून गेले. युद्धाआधी अशी मुभा द्यावी, हे मोशेच्या नियमशास्त्रात, तोरामध्येच सांगितलेले आहे, म्हणजे घाबरणाऱ्याला आपल्या शास्त्राने कधीच पापी ठरवलेले नाही. पण त्यानंतरचा भाग आपली मंडळी घाईत वाचून जातात. इतक्या भित्र्यांना घरी पाठवणारा तो सेनापती त्या रात्री स्वतः घाबरलेला होता. देवाने त्याला सांगितले की, शत्रूच्या छावणीत उतर, आणि एकट्याने जायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला सोबत घे. गिदोनाने पुराला सोबत घेतले. भीती वाटत नाही असा आव त्याने आणला नाही, आणि भीती वाटते म्हणून आज्ञा रद्द झाली, असेही मानले नाही. देवाने त्याची भीती काढून घेतली नाही, सोबती दिला.

तू वाचतोस त्याच तेहिलीममधले 56वे स्तोत्र नीट वाच. ज्या दिवशी मला भीती वाटेल त्या दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, असे दावीद म्हणतो. भीतीचा दिवस आणि भरवशाचा दिवस त्याच्यासाठी एकच आहे, आणि तू मात्र पहिला मावळल्यावर दुसरा उजाडेल म्हणून वाट पाहत बसला आहेस! तांबड्या समुद्राकाठी मोशेही प्रार्थनेत थांबला होता. आपल्या रब्बींचा ग्रंथ तालमूद सांगतो की, यहूदा वंशाचा सरदार नहशोन याने पाण्यात उडी घेतली होती आणि देव मोशेला म्हणत होता की, माझे लाडके बुडत आहेत आणि तू प्रार्थना लांबवत बसला आहेस. मी प्रार्थनेविरुद्ध बोलत नाही. या वयात मला तिच्याशिवाय दुसरा उद्योगही नाही. पण निर्णय टाळण्यासाठी केलेले पठण मला सोसत नाही.

आपण एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतो, नवस बोलतो, खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतो. पण तो ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला होता आणि रतामाच्या झाडाखाली मरण मागत झोपला होता, हे कुणी सांगत नाही. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला तेव्हा पुन्हा उठवून खाऊ घातले, कारण वाट लांबची होती. होरेब डोंगरावर पोहोचल्यावर, तू इथे काय करतोस, असे त्याला विचारण्यात आले, आणि मग कामे नेमून देऊन परत पाठवण्यात आले. भीती म्हणजे कौल असता तर एलियाहू त्या झाडाखालीच संपला असता.

आता तुझ्या मनात येईल की, हा म्हातारा स्वतः अलिबाग सोडून कधी गेला नाही, आणि मला समुद्र ओलांडायला सांगतो. असे म्हणणारा तू पहिला नाहीस. माझा थोरला भाऊ दिमोनाला गेला, चुलते गेले, आळीतली घरे एकामागून एक बंद झाली, आणि मी घाबरून मागे राहिलो, असे तिकडून आलेल्या पत्रांत सूचकपणे लिहिलेले असे. भीती मलाही होतीच. तिथे आपल्या बेने इस्राएल लोकांना तुम्ही खरे यहुदी आहात का, असे विचारले जात होते, आणि 1964 मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन केल्यावरच आपल्या विवाहांच्या मान्यतेचा प्रश्न सुटला. पण मी राहिलो तो त्या भीतीने नव्हे. वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारी, दहा माणसे मिळणे तेव्हाच कठीण झाले होते. भावाच्या अंत्यविधीला जाता आले नाही, हे मला अजून सलते, तरीही माझा निर्णय चुकला, असे मी म्हणणार नाही. मी कारण देऊन राहिलो. तूही कारण देऊन राहा, मी तुझ्या बाजूने भांडेन. पण स्वतःच्या भीतीवर देवाची सही करून राहू नकोस.

जायचे ठरले, तर माझा पुतण्या अश्दोदला आहे. तो तुला विमानतळावर घ्यायला येईल, घर मिळेपर्यंत ठेवून घेईल, हिब्रूच्या वर्गात नाव घालून देईल. स्वभावाने तापट आहे, पण सोबतीला चांगला. आईशी अजून बोलला नसशील तर या शुक्रवारी शब्बाथाचे दिवे लावण्यापूर्वी बोल, आणि तिने काय म्हटले ते मला रविवारी कळव, म्हणजे पुतण्याला फोन करायचा की नाही ते मला ठरवता येईल.

तुझा,
आबा