परतीचं इंधन मंगळावरच

प्रश्न : हर्णे बंदरातून बोट निघते ती जाण्यायेण्याचं डिझेल भरूनच. मंगळावरून परतायचं इंधन तिथेच कसं बनवणार? (एक वाचक, हर्णे)

उत्तर : तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि जमिनीखाली बर्फ. पाण्याचं विद्युत-विघटन करून, म्हणजे वीज सोडून, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढायचे; हायड्रोजन घ्यायचा, तो निकेलच्या उत्प्रेरकावर साधारण ३५० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइडशी जुळवायचा. मिथेन मिळतो, हेच इंधन; सोबत पाणी बनतं, ते परत विघटनाला. हिशेब असा : ३६ किलो पाणी आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड घातला की १६ किलो मिथेन, ६४ किलो ऑक्सिजन. इंजिनाला मिथेनच्या साधारण साडेतीनपट ऑक्सिजन लागतो, म्हणजे ८ किलो श्वासासाठी उरतो.

नुसत्या हवेतूनही ऑक्सिजन निघतो. मंगळावरच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या नासाच्या गाडीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने २०२१ ते २०२३ दरम्यान १६ वेळा चालून १२२ ग्रॅम काढला, ८०० अंशांवर कार्बन डायऑक्साइडमध्ये वीज सोडून. इथे खोड एक : व्होल्टेज जास्त झालं की ऋणाग्रावर (विजेच्या ऋण टोकावर) कार्बनची काजळी धरते आणि विघटनाचा सेल कायमचा बिघडतो. हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ, त्यामुळे आधी कॉम्प्रेसर हवाच. त्याच्या तोंडावरची जाळी धुळीने तुंबते ती वेगळीच.

मग मिथेन कशाला, हायड्रोजनच का नको? अणुऊर्जेच्या इंजिनात हायड्रोजन इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या दुप्पट कार्यक्षम ठरतो खरा, पण उणे २५३ अंशांना उकळणारा हा द्रव महिनोन्‌महिने टाकीत टिकवणं हीच डोकेदुखी.