त्वचारेषा की कंगोरे? शरीरयष्टी की बांधा?

नागपूरच्या एका शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थिनीनं विचारलंय: प्रबंधाचं शीर्षक ‘त्वचारेषा व शरीरयष्टी यांचा संबंध’ ठेवलं तर चालेल का?

चालणार नाही. तिन्ही शब्द अडतात.

हाताची ‘रेषा’ म्हटली की ज्योतिषाची आठवते, आणि ती तर घडी, म्हणजे खोलगट. तुम्ही मोजणार ते बोटांच्या टोकांवरचे उंचवटे, ज्यांचा ठसा उमटतो. त्यांना ‘कंगोरे’ म्हणा. सोयाबीनच्या शेतातला सरी-वरंबा डोळ्यांपुढे आणा. ठसा घेताना शाई लागते वरंब्याला, सरी कोरी राहते. घामाची छिद्रंही वरंब्याच्या माथ्यावरच उघडतात. शाई जास्त झाली की सऱ्या बुजतात आणि कागदावर नुसता काळा डाग उरतो. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं. परत मागे आणलं की ठसा दुहेरी.

कंगोऱ्यांच्या नमुन्यांना नवे शब्द नकोत. चक्र, शंख, कमान पुरे. तीन दिशांचे कंगोरे जिथे भेटतात त्या जागेला मी ‘तिठा’ म्हणेन. शंखात एक तिठा, चक्रात सहसा दोन, साध्या कमानीत एकही नाही. तिठ्यापासून गाभ्यापर्यंत, म्हणजे नमुन्याच्या मध्यापर्यंत, रेघ ओढून तिला छेदणारे कंगोरे मोजायचे, दोन्ही टोकं सोडून. त्यामुळे साध्या कमानीची मोजणी शून्य.

‘यष्टी’ म्हणजे काठी. ‘स्थूल शरीरयष्टी’ म्हणजे लठ्ठ काठी! मेद, स्नायू आणि सडपातळपणा यांचा मेळ सांगायला ‘बांधा’ बरा. हीथ-कार्टर पद्धतीत (१९६७) शरीराच्या दहा मापांवरून तो याच क्रमानं तीन आकड्यांत मांडतात. २-५-३ म्हणजे स्नायूंचा जोर.

‘संबंध’ वाचून कार्यकारण वाटतं, म्हणून ‘सहसंबंध’. कंगोऱ्यांची आखणी गर्भात दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. बोटाच्या टोकाची गादी तेव्हा फुगीर असेल तर कल चक्राकडे, बसकी असेल तर कमानीकडे. तो नमुना जन्मभर तोच राहतो, बांधा मात्र खाण्यानं आणि तालमीनं बदलतो. आकडे जुळले, तरी ठसा पाहून पैलवान निवडता येणार नाही.

आपण ‘हाडापेरानं मजबूत’ म्हणतो खरं, पण त्यातलं पेर सांध्याचं. शाई लावायचं नव्हे.